सवतीचा टाक

घरातल्या एखाद्याने धर्म बदलला की माणसांची समजूत हळूहळू पटते, पण वस्तूंचा निकाल वर्षानुवर्षं लागत नाही. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, लग्नात लेकीबरोबर दिलेली अन्नपूर्णा, कुलस्वामीचे टाक, आईची जपमाळ, गळ्यातला ताईत किंवा क्रूस यांचं काय करायचं? जवळ ठेवावं तर नव्या श्रद्धेशी प्रतारणा वाटते. टाकून द्यावं तर आई-आजीला टाकल्यासारखं वाटतं.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पट्ट्यात हा प्रश्न जुना आहे. सातारा, रत्नागिरी, नगर, खानदेशातून माणसं रेल्वेच्या आणि कारखान्यांच्या कामाला इथे आली, ती आपापले देव फडक्यात बांधूनच आली. १९५६ च्या बौद्ध दीक्षेनंतर त्यांच्यातल्या कितीतरी घरांनी ते देव खाली उतरवले. आमच्या घरानेही उतरवले. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. डोंबिवली पूर्वेला राहते, घरात बुद्धवंदना होते, आणि माझ्या कपाटात चांदीचा एक टाक आहे. तो माझ्यानंतर कुणाकडे जावा, की कुणाकडेच जाऊ नये, याचा निर्णय मला घ्यायचा होता. तो मी घेतला आहे. त्यामागचा विचार इथे मांडते, कारण असाच एखादा डबा किंवा बटवा अनेक घरांत पडून आहे आणि त्याविषयी कुणी बोलत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना बापू म्हणायचो, कल्याणच्या लोकोशेडमध्ये खलाशी होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि समोर जमलेल्या लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. बापूंना नागपूर जमलं नाही. पुढे दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनारी अंत्यसंस्काराच्या वेळी भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या जनसमुदायाला दीक्षा दिली. बापू त्या गर्दीत होते. रडत रडतच त्रिशरण आणि पंचशील म्हटलं, असं ते सांगत. मग रजा टाकून गावी गेले आणि आईला म्हणाले, आता आपण बौद्ध झालो.

आमचं गाव वाई तालुक्यातलं, कृष्णेकाठचं. घरात जेजुरीचा खंडोबा, मांढरदेवीची काळूबाई, कोटंबा आणि दिवटी. गावोगावी त्या वर्षी जे घडलं तेच आमच्या वस्तीतही घडलं. कर्त्या माणसांनी बसून ठरवलं, घराघरातले देव टोपल्यांत गोळा झाले आणि वाजतगाजत नेऊन नदीत सोडले.

या घटनेविषयी पुष्कळ जण आजही नाराजीने बोलतात. देव असे पाण्यात टाकायचे का, असं विचारतात. मला त्यांना सांगावंसं वाटतं की त्या टोपल्यांत नुसते देव नव्हते. ज्या देवळाच्या पायरीला शिवायची मुभा नव्हती, त्या देवळातल्या देवाचा टाक घरात पुजायचा, त्याच्या नावाने उपास करायचा आणि जत्रेत लांब उभं राहून हात जोडायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालूनही दार उघडलं नाही. पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हायला १९४७ उजाडलं, तेही साने गुरुजींनी प्राण पणाला लावले तेव्हा. त्याआधी बारा वर्षं, १९३५ च्या मे महिन्यात, रमाबाई आंबेडकर गेल्या. त्यांना पंढरपूरला जायची फार इच्छा होती. देवाला लांबून पाहून परत यायचं असेल तर तिथे जायचंच कशाला, असं बाबासाहेबांचं म्हणणं होतं. रमाबाईंची ती इच्छा अपुरीच राहिली. हे सगळं ज्यांच्या अंगावर होतं, त्यांनी देव नदीत सोडले. ते त्यांचं जाहीर निवेदन होतं आणि त्यांचा तो हक्क होता. मी त्यांची नात आहे आणि त्यांच्या बाजूने उभी आहे.

पण त्या दिवशी आमच्या आजीने एक टाक टोपलीत घातला नाही.

तो टाक देव्हाऱ्यात नव्हताच. तिच्या गळ्यात होता, काळ्या दोऱ्यात ओवलेला. आजी आजोबांची दुसरी बायको. पहिली बाळंतपणात गेली. दुसरं लग्न झालं की नव्या नवरीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक घालायचा, अशी आपल्याकडे अनेक जातींत रीत होती. त्याला सवतीचा टाक म्हणतात. सणाला नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, नैवेद्य आधी तिला, हळदीकुंकू आधी तिला. का, तर तिचा जीव संसारात अडकलेला असतो. मान दिला नाही तर ती नव्या नवरीला, तिच्या लेकरांना त्रास देते. आजी लग्न होऊन आली तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांची असेल. त्या वयात तिच्या गळ्यात एका मेलेल्या बाईची भीती बांधली गेली. पोराला ताप आला की ती टाक मुठीत धरून बसायची. तिची दोन मुलं लहानपणीच दगावली, त्याचा दोषही त्या टाकाकडे आणि तिच्या कमी पडलेल्या मानाकडे गेला.

वस्तीतल्या माणसांनी सांगितलं, म्हातारे, तोही काढ. आजीने दोरा तोडला आणि टाक मुठीत ठेवला. म्हणाली, "देव न्हवं ती. ती माजी थोरली भन हाय. तिला न्हाई मी पान्यात टाकायची." मग तो टाक तिने पानसुपारीच्या चंचीत ठेवला. त्यानंतर तिने त्याला कधी कुंकू लावलं नाही, नैवेद्य दाखवला नाही. पुढे ती कल्याणला आमच्याकडे कोळसेवाडीत राहायला आली, तेव्हा चंचीबरोबर तोही आला. एकदा मी विचारलं, आता भीती नाही वाटत? ती म्हणाली, "बाबासायबानं सांगितलं म्हनून भ्या गेलं. आता निस्ती याद ऱ्हायली."

धर्म बदलल्यावर जुन्या वस्तूचं काय होतं, हे मला त्या वाक्याने समजलं. त्या टाकात दोन गोष्टी होत्या, भीती आणि नातं. दीक्षेने भीती गेली, नातं गेलं नाही. जायचं काही कारणही नव्हतं.

तो टाक आता माझ्यापुढे आहे. दोन बोटं रुंद, वर कमान, कमानीत दोरा ओवायला भोक. पातळ चांदीचा पत्रा, मागे तांब्याचा. उभी बाईची आकृती, नेसणं चुणीदार, दोन्ही हात अंगालगत. चेहरा राहिलेला नाही. वर्षानुवर्षं अंगठा फिरून नाक, डोळे, कपाळ सगळं सपाट झालं आहे. लुगड्याच्या चुण्यांच्या खाचांत मात्र हळद बसली आहे, काळपट पिवळी, सुईनेही निघणार नाही अशी. कल्याणच्या एका सोनाराने उजळून देतो म्हणून सांगितलं होतं. मी नको म्हटलं. उजळला तर ती हळद जाईल, आणि तो अंगठा कुणाचा होता हेही जाईल.

आता माझ्या भाच्याचं म्हणणं. तो चळवळीत आहे, विहारात मुलांना शिकवतो. त्याने मला सरळ विचारलं, "मावशी, बावीस प्रतिज्ञा म्हणतेस आणि हे घरात ठेवतेस? सहावी प्रतिज्ञा काय सांगते? श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. मग मेलेल्या बाईचा टाक कशाला? बाईवर लादलेल्या अंधश्रद्धेचं हे प्रतीक आहे. दुर्गाडीजवळ खाडीत सोडून दे."

त्याचा प्रश्न मोलाचा आहे आणि त्याचा अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. हा टाक अंधश्रद्धेतूनच घडला. तो घडवणाऱ्यांनी एका मुलीला आयुष्यभर भ्यायला लावलं. पण प्रतिज्ञा नीट वाचल्या तर त्या माणसाच्या मनाला आणि आचाराला बांधतात. मी अमक्याला देव मानणार नाही, त्याची उपासना करणार नाही, अमका विधी करणार नाही, अशी त्यांची रचना आहे. धातूच्या तुकड्याविषयी त्यांत काही म्हटलेलं नाही, आणि ते बरोबरच आहे. बाबासाहेबांचा झगडा माणसाच्या मनातल्या गुलामीशी होता. गुलामी मनात राहिली आणि टाक तेवढा खाडीत गेला, तर काय बदललं? टाक राहिला आणि गुलामी गेली, तर प्रतिज्ञा पाळली गेली.

भाच्याला मी दुसरीही एक गोष्ट सांगितली. या बाईचा जगात दुसरा कुठलाही पुरावा नाही. तिचा फोटो नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता, रेशनकार्डाच्या काळाआधीच ती गेली. तिचं बाळही गेलं. तिचं नाव आजीला ठाऊक होतं, आजीने मला सांगितलं, आता मला ठाऊक आहे. आमच्या लोकांचा इतिहास कुणी लिहून ठेवला नाही, आणि आमच्या बायांचा तर आम्हीही नाही. अंधश्रद्धेने का होईना, पण त्या बाईची एवढी एकच खूण मागे ठेवली. ती खाडीत टाकली तर अंधश्रद्धेचं काहीही बिघडणार नाही, ती बाई तेवढी पुसली जाईल.

आठवण जपणं बौद्धांना परकंही नाही. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलेल्या नालासोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला, तेव्हा आत दगडी करंडक सापडला, त्यात भिक्षापात्राचे मानले जाणारे तुकडे आणि बुद्धांच्या लहान मूर्ती होत्या. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणहून आलेल्या दात्यांचे शिलालेख आहेत. दान देणाऱ्याचं नाव आणि गाव दगडात राहावं असं त्या लोकांनाही वाटलं. स्तूपापुढे हात जोडणारा उपासक आतल्या अवशेषांकडे काही मागत नाही, तो एका माणसाचं आयुष्य आठवतो. मागणं आणि आठवणं यांत जो फरक आहे, तोच पूजा आणि आठवण यांत आहे. आजीला तो फरक कुणी शिकवला नव्हता. तिने तो जगून दाखवला.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण धर्म बदलणाऱ्याच्या मागे धर्म न बदललेलं घर असतंच. माझ्या शाळेतली एक मैत्रीण ठाण्याला नौपाड्यात राहते. तिच्या धाकट्या भावाने काही वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. आई गेल्यावर देव त्याच्याकडे होते. एका रविवारी तो आला आणि आईचा पितळी बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख, घंटा असं सगळं स्वच्छ घासून, नव्या फडक्यात गुंडाळून ताईपुढे ठेवून गेला. मैत्रीण मला फोनवर रडत म्हणाली, "आईला त्याने घराबाहेर काढलं गं."

मी तिला म्हटलं, उलट विचार करून बघ. आपल्याकडे कुठल्याही पिंपळाच्या पारावर काय दिसतं? काच फुटलेल्या तसबिरी, रंग उडालेले गणपती, कॅलेंडरवरच्या लक्ष्म्या, पावसात भिजत पडलेल्या. हे सगळं धर्म बदललेल्यांनी टाकलेलं नसतं. रोज देवाला हात जोडणाऱ्यांच्याच घरातून ते येतं. खाडीपूल आला की लोकलच्या दारातून निर्माल्याची पिशवी भिरकावणारेही भाविकच असतात. तुझ्या भावाने तसं केलं नाही. ज्याची त्याला आता पूजा करता येत नाही, ते त्याने पूजा करणाऱ्याच्या हाती दिलं, घासूनपुसून दिलं. त्याच्या नव्या श्रद्धेला तो प्रामाणिक राहिला आणि तुझ्या श्रद्धेचाही त्याने मान ठेवला. याहून जास्त तू त्याच्याकडून काय मागणार?

तिला आणखी एक धास्ती होती. आईचे देव इतके महिने बिनपूजेचे राहिले, काही दोष लागेल का? याचं उत्तर तिच्याच परंपरेत आहे. पूजेला सुपारी मांडून तिच्यावर गणपतीचं आवाहन करतात, उत्तरपूजा झाली की ती पुन्हा सुपारी होते. गणेशोत्सवात अक्षता वाहून मूर्ती हलवली की ती मातीची मूर्ती होते, म्हणूनच ती पाण्यात सोडता येते. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास रचलेल्या 'धर्मसिंधु'त भंगलेल्या मूर्तींच्या जीर्णोद्धाराचा विधीही दिलेला आहे. म्हणजे देव वस्तूत येतो तसा वस्तूतून जातोही, हे हिंदू धर्मशास्त्रच सांगतं. माणसाच्या भावनेविना मूर्तीत राहून सूड घेणारा देव त्या शास्त्रात नाही. तो आपल्या धास्तीत आहे. मैत्रिणीने बाळकृष्ण देव्हाऱ्यात ठेवला. भाऊ आता नाताळचा केक घेऊन येतो आणि देव्हाऱ्यासमोरच्या खुर्चीवर बसून बहिणीशी गप्पा मारतो.

घर दोन श्रद्धांचं असू शकतं, हे मराठी माणसाला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली, मधली वर्षं ताटातुटीत आणि मग एका छपराखाली दोन आचार सांभाळत काढून, स्वतःच्या मनाची खात्री झाल्यावर. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचताना मला नेहमी जाणवतं की त्या घरात दुःख खूप होतं, पण दुसऱ्याच्या वतीने श्रद्धा ठरवण्याचा आग्रह हळूहळू गळून पडला आणि मगच घर पुन्हा उभं राहिलं.

याउलट उदाहरण आमच्याच तालुक्यातलं. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक प्रचंड घंटा आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हा चर्चमधल्या घंटा उतरवून मराठी मुलखात आणल्या गेल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारियामाता कोरलेली आहे. लोक ती प्रेमाने दाखवतात, आणि ती वितळवली गेली नाही याचं मलाही समाधान आहे. पण ती ज्यांची होती त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते युद्ध होतं आणि घंटा विजयाची खूण होती. घरात कुणी धर्म बदलतो तेव्हा युद्ध नसतं. तिथे विचारायला माणूस समोर असतो. कुणी आईचे देव परस्पर सोनाराला विकले, किंवा धर्म बदललेल्या मुलाला न विचारता त्याच्या वाट्याची वस्तू काढून घेतली, तर घराने घरावरच स्वारी केली असं होतं.

या सगळ्यातून मी जे ठरवलं ते असं. धर्म बदलणाऱ्याला जुनी वस्तू पुजायला लावू नये, आणि न बदलणाऱ्याला ती टाकायला लावू नये. घरात पूजा करणारं कुणी असेल तर वस्तू त्याच्याकडे जावी, हाताने द्यावी, दोन शब्द बोलून द्यावी. कुणीच नसेल आणि वस्तूशी आपलं नातं फक्त धास्तीचं असेल, तर ती आदराने निरोप द्यायच्या लायकीची आहे. हिंदू असाल तर उत्तरपूजा करा, नसाल तर मनाने मोकळे व्हा आणि धातू गरजूच्या उपयोगी पडेल असं काही करा, नदी-खाडी मात्र घाण करू नका. पण वस्तूत कुणा माणसाची आठवण असेल, तर ती ठेवावी. पुजू नये, मिरवू नये, दिवाणखान्यात शोभेला मांडू नये. बुद्धमूर्तीशेजारी तर नाहीच. चोरून दिवाही लावू नये. ती नव्या श्रद्धेशीही लबाडी आहे आणि जुन्याशीही.

आजीच्या टाकाबरोबर मी एक कागद ठेवला आहे. त्यावर त्या पहिल्या बाईचं नाव, ती कशी गेली, तिच्या नावाने आजीला काय भोगावं लागलं, आजीने दोरा कधी तोडला आणि का, हे सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे. माझ्यानंतर तो टाक भाच्याकडे जाईल. त्याने तो घ्यायचं कबूल केलं आहे, आणि विहारातल्या मुलींना तो दाखवून सवतीच्या टाकाची रीत काय होती ते सांगणार आहे. एवढा उपयोग झाला तर त्या दोघी बायकांचं जिणं वाया गेलं नाही असं मी म्हणेन.

तुमच्या घरातही असं काही असेल तर ते ज्यांच्याकडून आलं त्यांना, ते हयात आहेत तोवर, विचारा. कुणाचं आहे, कुणी दिलं, कशासाठी घातलं, भीतीने की मायेने, सगळं विचारा आणि लिहून ठेवा. त्यानंतर ठेवायचं की सोडायचं, हा निर्णय अवघड राहत नाही.